पालिका बुडीत निघाली तर पेन्शन कोण देणार?

रिझर्व्ह बँकेने २०२० च्या एप्रिलात म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, २०२१ च्या जुलैत मडगाव अर्बनचा. बँक बुडाल्यावर काय होते ते तेव्हापासून गोव्यात कोणाला शिकवावे लागत नाही. अवसायक येतो, ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंतचे पैसे मिळतात, आणि त्यावरच्या रकमेची सारी भिस्त कर्जवसुलीवर आणि मालमत्तेच्या विक्रीवर राहते. दाराला टाळे लागते, आत उरलेले विकून कायद्याने ठरवलेल्या क्रमाने वाटले जाते.

पालिकेच्या दाराला टाळे लावता येत नाही. तिजोरीत खडखडाट असला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा रस्त्यावर येतो आणि संध्याकाळी दिवे लावावे लागतात. म्हणून शहर बुडते म्हणजे ते बंद पडत नाही. ते कोणाला तरी थांबवून ठेवते. कोणाला थांबवायचे हा क्रम बहुतेक वेळा संकटाच्या कितीतरी वर्षे आधी, कोणीही न वाचलेल्या एखाद्या ठरावात किंवा कर्जकरारात ठरून गेलेला असतो.

आपल्याकडे पालिकेच्या दिवाळखोरीसाठी कायदाच नाही. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता कंपन्या, एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदाऱ्या), साध्या भागीदाऱ्या आणि व्यक्ती यांच्यासाठी आहे. गोवा नगरपालिका कायदा, १९६८ खाली चालणाऱ्या आपल्या १३ पालिका आणि २००२ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालणारी पणजी महानगरपालिका त्यात बसत नाहीत. याचा अर्थ पालिका बुडत नाहीत असा अजिबात नाही. त्या बुडतात, फक्त तसे जाहीर करायला कागद नाही.

बुडणारी पालिका वहीत कशी दिसते, ते आधी पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण आकड्यांची ठेवण ओळखीची वाटेल. महिन्याची जमा: घरपट्टी सरासरी १८ लाख, दुकानभाडे आणि सोपो (बाजारात बसून विकणाऱ्यांकडून घेतले जाणारे शुल्क) ७ लाख, परवाने व बांधकाम शुल्क १० लाख, सरकारी अनुदान ३५ लाख. एकूण ७० लाख. खर्च: कायम कर्मचाऱ्यांचे पगार ३८ लाख, रोजंदारी १२ लाख, पेन्शन ९ लाख, कचरागाड्या व डिझेल ८ लाख, वीज ४ लाख, कर्जाचा हप्ता ५ लाख. एकूण ७६ लाख. दरमहा ६ लाखांची तूट, वर्षाला ७२ लाख.

तरीही बँकेच्या पासबुकात १ कोटी ४० लाख दिसतात, आणि नगरसेवक विचारतात, ‘पैसे आहेत की! मग बिल का अडवले?’ त्या १ कोटी ४० लाखांची फोड करा. ८० लाख बांधील अनुदान आहे. पंधराव्या वित्त आयोगाचे (२०२१-२६) दहा लाखांखालच्या शहरांसाठीचे अनुदान घ्या. त्यातले ६० टक्के पाणी, स्वच्छता आणि कचरा यांनाच बांधलेले, त्यातून पगार भागवता येत नाही. ४५ लाख ठेकेदारांच्या सुरक्षा ठेवी आणि बयाणा रकमा. १० लाख कापून ठेवलेल्या पण अजून न भरलेल्या रकमा: भविष्य निर्वाह निधी (पीएफ), एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), टीडीएस, बांधकाम कामगार उपकर. बेरीज १ कोटी ३५ लाख. पालिकेचे स्वतःचे म्हणावेत असे पैसे पाच लाख. एका महिन्याच्या तुटीलाही न पुरणारे.

इथून पुढची घसरण ठरलेली आहे. आधी ठेवी खाल्ल्या जातात, कारण त्या परत मागायला ठेकेदार काम संपून दोषदायित्वाचा (कामातले दोष दुरुस्त करून देण्याच्या हमीचा) काळ उलटल्यावर, म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी येणार असतो. मग कापलेला पण न भरलेला पीएफ. त्यानंतर बांधील अनुदानातून ‘तात्पुरती उचल’. तोवर लेखापरीक्षणाचा आक्षेप आलेला असतो आणि वापराचा दाखला देता येत नाही म्हणून अनुदानाचा पुढचा हप्ता अडकतो. गाडी रुतते ती इथे. तूट हे निमित्त, अडकलेला हप्ता हे कारण. ठेवी वेगळ्या बँक खात्यात ठेवल्या तर निम्मे दुखणे वेळेवर कळेल. ‘एकच खाते, सोयीचे पडते’ असे ऐकलेत की समजावे, सोय कोणाची तरी झालेली आहे.

शिवाय जे वहीत येतच नाही ते. पेन्शनचे ९ लाख म्हणजे समजा सरासरी २२,५०० रुपयांची ४० माणसे. वर्षाला १ कोटी ८ लाख. या ४० जणांचे उरलेले आयुष्य आणि मागे राहणाऱ्यांची कुटुंब निवृत्तिवेतने धरून ढोबळ बारा पट लावली, तरी दायित्व १३ कोटींच्या घरात जाते. यात महागाई भत्त्याची वाढ नाही, आज नोकरीत असलेल्यांचे भविष्यही नाही. रोख पद्धतीच्या हिशेबात हा आकडा शून्य दिसतो, कारण अजून चेक फाटलेला नाही. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमावलीने दुहेरी नोंदीची उपार्जित पद्धत (पैसे जायची वाट न पाहता देणे तयार होताच नोंदायचे) आणली ती हे दायित्व कागदावर यावे यासाठीच. ताळेबंद त्या पद्धतीने छापला जातो, पेन्शनच्या तरतुदीची ओळ मात्र पुष्कळ ठिकाणी कोरी असते. मडगावच्या सोनसोड्यावरच्या जुन्या कचऱ्यासारखे ढीग हेसुद्धा असेच दायित्व. तो उपसायचा खर्च कोणाच्या तरी माथी आहे, ताळेबंदात तो शोधून दाखवा.

आता ज्या देशात शहरांना रीतसर दिवाळखोरी मागता येते तिथे काय होते ते पाहायला हवे. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याचे नववे प्रकरण शहरांसाठी आहे. १९३४ मध्ये आले, १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, १९३७ मध्ये सुधारून परत आले आणि १९३८ मध्ये टिकले. त्याच्या अटी मासल्याच्या आहेत. राज्याने परवानगी दिलेली हवी. देणी भागवता येत नाहीत हे सिद्ध व्हायला हवे. धनकोंशी प्रामाणिक बोलणी केलेली हवीत. धनको शहराला जबरदस्तीने दिवाळखोरीत ओढू शकत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम ९०४: शहराच्या संमतीशिवाय न्यायाधीश शहराच्या मालमत्तेत, महसुलात वा राजकीय अधिकारात हात घालू शकत नाही. ‘टाऊन हॉल विका आणि माझे पैसे द्या’ असे म्हणायची सोयच नाही.

डेट्रॉइटने १८ जुलै २०१३ रोजी अर्ज केला. देणी सुमारे १८ अब्ज डॉलर. १९५० मध्ये १८ लाखांवर असलेली वस्ती सात लाखांवर आलेली, रस्त्यावरचे ४० टक्के दिवे बंद. १८ अब्जांचा हा ढिगारा एकसारखा नव्हता, ही समजून घेण्याची गोष्ट. पाणी आणि मलनिस्सारणाच्या रोख्यांना पाणीपट्टीचा स्वतंत्र ओघ बांधलेला होता, त्या ओघावरचा त्यांचा हक्क दिवाळखोरीतही चालू राहतो. ते लोक सहीसलामत सुटले. करवाढीचे अमर्याद अधिकार ज्यांच्यामागे होते त्या सर्वसाधारण रोख्यांना रुपयात ७४ पैसे मिळाले (डॉलरमध्ये सेंट म्हणा). मर्यादित कराच्या रोख्यांना ३४ च्या आसपास. आणि तळाशी होती २००५ ची पेन्शन कर्जे.

त्यांच्याकडे जरा थांबून पाहू. पेन्शन निधीत खड्डा पडला होता. तो बुजवायला शहराने १.४ अब्ज डॉलरचे कर्ज काढले आणि पैसे निधीत भरले. हिशेब साधा: कर्जावर द्यायचे व्याज कमी, निधीची कमाई जास्त, मधला फरक आपला. वर व्याजदर बांधून घेण्यासाठी बँकांशी स्वॅपचे (बदलत्या व्याजाच्या बदल्यात ठरलेले व्याज द्यायचे) करार केले. २००८ मध्ये बाजार कोसळला, व्याजदर तळाला गेले आणि स्वॅप उलटे अंगावर आले. शहराचे पतमानांकन घसरल्यावर बँकांनी तारण मागितले, तेव्हा २००९ मध्ये शहराने आपला सर्वांत खात्रीचा रोख ओघ गहाण टाकला: कॅसिनोंचा कर, वर्षाला सतरा-अठरा कोटी डॉलर. मांडवीतल्या कॅसिनो-बोटींकडे बघणाऱ्या पणजीकरांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

दिवाळखोरीत बँकांशी घासाघीस झाली. आधी ठरलेले १६.५ कोटींचे समझोतापत्र न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी जास्त आहे म्हणून फेटाळले, शेवटी ८.५ कोटींत मिटले. मूळ पेन्शन कर्जाला रोख्यांचा विमा उतरवणाऱ्या दोन कंपन्या जामीन होत्या. त्यांच्या पदरात रुपयामागे साधारण १४ पैशांची किंमत पडली, आणि तीही बरीचशी मालमत्तेच्या रूपात: एकीला कॅनडाकडे जाणाऱ्या बोगद्याच्या भाडेपट्ट्याची मुदतवाढ आणि एक पार्किंग गॅरेज, दुसरीला जुन्या हॉकी मैदानाची जागा. शहर मालमत्ता विकत नाही, पण तडजोडीत देऊ शकते, ते असे.

निवृत्तांचे काय झाले? पोलीस आणि अग्निशमनवाल्यांची मूळ पेन्शन वाचली, महागाईवाढ निम्म्याहून कमी झाली. इतर कर्मचाऱ्यांची मूळ पेन्शन ४.५ टक्के कापली आणि महागाईवाढ पूर्ण बंद केली. ४.५ टक्के ऐकायला किरकोळ वाटते. ६० व्या वर्षी पेन्शन गोठवली आणि महागाई साधी चार टक्के धरली, तर ७८ व्या वर्षी त्या पैशांची खरेदीशक्ती निम्मी उरते. खरी कात्री तिथे लागली, मथळ्यात मात्र ४.५ छापून आले. काही जणांनी पेन्शन निधीतल्या ऐच्छिक बचत खात्यात पैसे ठेवले होते. बाजार पडला तरी तिथे भरघोस व्याज लिहिले जात होते, त्यातले जास्तीचे व्याज परत वसूल झाले. आणि आरोग्यविमा जवळपास गेलाच: ४.३ अब्ज डॉलरच्या दाव्याला दहा टक्क्यांच्या आसपास मोबदला. पेन्शनीपेक्षा आरोग्याच्या सवलती नेहमी आधी जातात. पेन्शनीला निदान निधी असतो, औषधपाण्याच्या आश्वासनामागे निधी नसतो.

पेन्शनकपात याहून मोठी झाली नाही याचे श्रेय एका संग्रहालयाला जाते. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सची चित्रे शहराच्या मालकीची होती. धनको म्हणाले, विका. शहराच्या पैशाने खरेदी केलेल्या कलाकृतींची किंमत क्रिस्टीज या लिलाव कंपनीने ४५.४ ते ८६.७ कोटी डॉलर धरली. मग धर्मादाय संस्थांनी ३६.६ कोटी, राज्याने ३५ कोटी आणि संग्रहालयाने १० कोटी, असे ८१.६ कोटी डॉलर वीस वर्षांत द्यायचे कबूल केले, दोन अटींवर. पैसे फक्त पेन्शन निधीत जातील, आणि चित्रे शहराच्या नावावरून काढून स्वतंत्र न्यासाच्या नावावर होतील, म्हणजे पुढच्या वेळी कोणी त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही. निवृत्तांनी मतदान करून होकार दिला; नकार दिला असता तर सर्वसाधारण कर्मचाऱ्यांची कपात २७ टक्के होती. ७ नोव्हेंबर २०१४ रोजी योजना मंजूर झाली. सुमारे ७ अब्ज डॉलरचे कर्ज माफ झाले, आणि वकील-सल्लागारांचे बिल १७ कोटी डॉलरच्या वर गेले. ते मात्र कापले जात नाही, हा जगभरचा नियम दिसतो.

डेट्रॉइटपेक्षा आपल्याला जवळचे उदाहरण ऱ्होड आयलंडमधल्या सेंट्रल फॉल्सचे. वस्ती १९ हजारांच्या आसपास, म्हणजे आपली एखादी लहान पालिका. २०११ मध्ये तिथे राज्याने कायदा करून घरपट्टीवर रोखेधारकांचा पहिला हक्क नोंदवला आणि थोड्याच दिवसांत शहराने दिवाळखोरी मागितली. रोखेधारकांना पूर्ण पैसे मिळाले. निवृत्त पोलीस आणि अग्निशामकांची पेन्शन काहींच्या बाबतीत ५५ टक्क्यांपर्यंत कापली गेली. नंतर राज्याने काही वर्षे वरची भर घातली तेव्हा ती मूळच्या ७५ टक्क्यांवर आली. राज्याची भूमिका अशी की रोखेधारक दुखावला तर राज्यातल्या प्रत्येक गावाचे व्याज वाढेल. भूमिकेत तथ्य आहे. फक्त तिचे भाडे कोणी भरले ते बघा.

उलट कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनने २०१२ मध्ये अर्ज केला आणि पेन्शनला हात लावला नाही. न्यायाधीशांनी २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले होते की राज्याच्या पेन्शन निधीचे देणेही कापता येते. तरी शहराने कापले नाही, कारण पोलीस सोडून जातील अशी भीती होती. निवृत्तांचा ५४.४ कोटी डॉलरचा आरोग्यदावा ५१ लाखांत मिटला, आणि ज्या गुंतवणूक कंपनीकडे पुरेसे तारण नव्हते तिला बिनतारण भागावर एक टक्का मिळाला. अलाबामातल्या प्रिचर्डने काहीच ठरवले नाही. सप्टेंबर २००९ मध्ये निधी संपला आणि पेन्शनचे चेक येणे थांबले, बस्स.

इंग्लंडची रीत आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. तिथेही शहर कायद्याने दिवाळखोर होत नाही. १९८८ च्या कायद्यातल्या कलम ११४ खाली मुख्य वित्त अधिकारी नोटीस काढतो, नवा खर्च थांबतो, आणि परिषदेला २१ दिवसांत बैठक घ्यावी लागते. बर्मिंगहॅमने ५ सप्टेंबर २०२३ रोजी ती काढली. सरकारने आयुक्त बसवले, दोन वर्षांत काउन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) सुमारे १८ टक्क्यांनी चढला, कोट्यवधी पौंडांच्या मालमत्ता विक्रीला निघाल्या. धनकोंना एक पेनीही कमी मिळाली नाही. भार पडला तो रहिवाशांवर आणि वाचनालयांवर. स्विंडनला स्थायिक झालेल्या गोवेकरांना काउन्सिल टॅक्सचे बिल काय असते ते वेगळे सांगायला नको.

आता घरी येऊ. आपल्याकडे कायदा नसल्यामुळे ‘सगळ्या धनकोंनी थांबा, आधी योजना करू’ असे म्हणणारा कोणी नाही. डेट्रॉइटला अर्ज केल्याक्षणी सगळे दावे गोठले. इथे जो आधी हुकूमनामा घेऊन येईल तो आधी उचलतो. आणि पैसे नाहीत ही सबब कोर्टात चालत नाही. रतलाम नगरपालिकेने नाल्या-शौचालयांसाठी निधी नाही असे म्हटले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच ते धुडकावून लावले.

ठेकेदाराच्या नजरेने रस्ता असा. काम मोजमाप पुस्तिकेत नोंदलेले आणि अभियंत्याच्या सहीचे हवे. ते नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. रनिंग बिल सादर केल्याची आवक क्रमांकासह पोच हवी. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत. ती उलटायच्या आत पालिकेकडून थकबाकीची लेखी कबुली घेतली तर मुदत नव्याने सुरू होते. साधे ‘निधी उपलब्ध होताच अदा करू’ असे सहीचे पत्रसुद्धा उपयोगी पडते, म्हणूनच जाणते लेखापाल असे पत्र द्यायला कां-कू करतात. करारात लवादाचे कलम असेल तर लवाद, नाहीतर दिवाणी दावा. हुकूमनामा झाला की अंमलबजावणीची दरखास्त आणि जप्ती.

जप्ती कशावर? रस्ता, गटार, उद्यान, स्मशानभूमी अशा लोकोपयोगी मालमत्तेला कोर्टे सहसा हात लावू देत नाहीत. बँक खाते, दुकानगाळ्यांचे भाडे, भाड्याने दिलेली इमारत यांना लावू देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या नोखा नगरपालिकेने २०२० च्या लवाद निवाड्याचे सुमारे ५० लाख रुपये दिले नाहीत म्हणून दिल्लीच्या कोर्टाने थेट बिकानेर हाऊसच्या जप्तीचा हुकूम काढला. पुढे त्याला स्थगिती मिळाली. ५० लाखांसाठी इंडिया गेटजवळची वास्तू! खाते गोठले की आणखी एक भानगड होते. बांधील अनुदान आणि ठेवी त्याच खात्यात असतील तर त्याही अडकतात, आणि ‘हे पैसे आमचे नाहीत’ हे पालिकेला कागदोपत्री सिद्ध करावे लागते. वर सांगितलेली वेगळी खाती इथे कामाला येतात.

मालमत्ता विकून कर्ज फेडू, हे सभेत टाळ्या घेणारे वाक्य. गोव्यात त्याआधी एक काम करावे लागते: जमीन नावावर आहे का ते बघणे. फॉर्म १ व १४ (जमिनीचा उतारा), शहर भूमापनाच्या हद्दीत फॉर्म डी, यांवर कब्जेदार म्हणून पालिका आहे, सरकार आहे की कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन राखणारी जुनी संस्था)? मार्केट पालिकेने बांधले म्हणून जमीन पालिकेची होत नाही. मग गाळे. भाडेपट्टा संपलेला, मूळ भाडेकरू वारलेला, आत पोटभाडेकरू, भाडे एका पिढीपूर्वीचे. असा गाळा धनकोला तारण दाखवला तर तो हसेल. हेच गाळे नव्या करारावर आणून सोपोचा ठेका दरवर्षी उघड पावणीने (लिलावाने) दिला, तर वरच्या उदाहरणातली सहा लाखांची तूट पुष्कळशी भरून निघू शकते. त्यासाठी मतदार दुखावावा लागतो, म्हणून विक्रीच्या गप्पा.

रोख कमी पडली की प्रत्यक्षात कोणाला आधी पैसे मिळतात? पहिले डिझेल, कारण कचरागाडी थांबली की त्याच दिवशी बोंब होते. मग पगार, कारण युनियन दारात बसते. कर्जाचा हप्ता तर वळता करून घेतलेला असतो. वीजखाते सरकारचेच, ते थांबते. ठेकेदार थांबतो आणि पुढच्या निविदेत त्याची किंमत लावतो. पेन्शनर विखुरलेले, वय झालेले, संप करू न शकणारे. कायद्यात त्यांचा हक्क पक्का आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या नाकारा निकालापासून पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, आणि २०१३ च्या जितेंद्रकुमार श्रीवास्तव निकालात ती घटनेच्या कलम ३००अ खालची मालमत्ता ठरली. पेन्शनरच्या सावकाराला ती जप्त करता येत नाही. पण हक्क पक्का असणे वेगळे आणि एक तारखेला खात्यात पैसे पडणे वेगळे.

म्हणून निवृत्त होणाऱ्याने पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात आल्यावर रक्कम पाहण्याआधी पैसे कोणाच्या खिशातून येणार ते बघावे: पालिकेचा निधी, सरकारी तिजोरी की स्वतःचे एनपीएस खाते. एनपीएसवाल्यांचे जमा झालेले पैसे पालिकेच्या धनकोंच्या आवाक्याबाहेर असतात. त्यांचा धोका वेगळा: पगारातून कापले पण खात्यात भरलेच नाहीत. वर्षातून एकदा विवरणपत्र काढून पगारपत्रकाशी बारा महिने ताडून पाहा. एखादा महिना गायब असेल तर तेव्हाच लेखी विचारा, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात नव्हे. पालिकेच्या निधीतून पेन्शन घेणाऱ्यांनी थकबाकीचा महिनावार तक्ता ठेवावा. पर्वरीच्या खंडपीठात रिट करायची वेळ आली तर वकील पहिल्यांदा तोच मागतो, आणि एकट्याने जाण्यापेक्षा पंधरा-वीस जणांनी मिळून गेलेले बरे.

उद्या आपल्या एखाद्या पालिकेने रोखे काढायचे ठरवले तर? सेबीची २०१५ ची नियमावली आहे, आणि पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले. रोखे वाईट नव्हेत. पण रचना समजून हात वर करा. घरपट्टी आधी एस्क्रो खात्यात जाते, तिथून व्याजाचे आणि मुद्दल फेडीचे पैसे बाजूला निघतात, उरलेले पालिकेला मिळतात. म्हणजे सेंट्रल फॉल्सला जे कायदा करून झाले ते इथे कराराने होते. पेन्शन त्या ‘उरलेल्या’त येते. तेव्हा सभेत एकच दुरुस्ती सुचवा: एस्क्रोत घरपट्टीचा किती हिस्सा जाणार त्याला कमाल मर्यादा घाला.

सामान्य करदात्याला यातले काय बघता येईल? दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरे आहे. त्यात ‘पालिकेची आर्थिक स्थिती कळवावी’ असे लिहू नका, उत्तरात गुळगुळीत परिच्छेद येतो. ३१ मार्चची प्रत्येक बँक खात्याची शिल्लक आणि त्यातली बांधील रक्कम मागा. ठेवींच्या नोंदवहीची बेरीज मागा. कापून न भरलेल्या रकमांचा खातेवार तक्ता, कोर्टाच्या हुकूमनाम्यांची यादी आणि अखेरचे लेखापरीक्षण कोणत्या वर्षापर्यंत झाले ते मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे आले तर पहिले अपील करा आणि ठेवींची नोंदवही प्रत्यक्ष बघायची परवानगी मागा. ती हातात आली की शेवटच्या पानापासून मागे वाचत जा, आणि परत केलेल्या ठेवींच्या रकान्यात शेवटची तारीख कोणती आहे तेवढे टिपून घ्या.